संशोधनाचा डेटा आणि विद्यापीठाचं ग्रंथालय: यांचा काय संबंध?

रानजाई

परवा पीएचडीच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "आता ग्रंथपालही डेटा मॅनेजमेंट शिकवायला निघालेत. त्यांना डेटातलं काय कळतं?" तिथे उत्तर दिलं असतं तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढते.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेटा क्युरेटर आहे. पुस्तकांची देवघेव माझ्याकडे नाही. संशोधक आपला डेटा आमच्या रिपॉझिटरीत (डेटा जपून ठेवणाऱ्या ऑनलाइन संग्रहात) ठेवायला देतात, तो लोकांसमोर जाण्याआधी मी उघडून बघते. 'उघडून बघते' हे शब्दशः घ्या. बहुतेकांना वाटतं की फाइल सर्व्हरवर चढवली की काम झालं. आमचं काम तिथून सुरू होतं.

एक उदाहरण देते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तळ्यांच्या आणि विहिरींच्या पाण्यावर काम करणाऱ्या एका मुलीने झिप फाइल पाठवली. आत सीएसव्हीचा (साध्या मजकुरातल्या तक्त्यांचा) ढीग आणि 'आर' या आकडेमोडीच्या भाषेतली एक स्क्रिप्ट. काय कशासाठी आहे हे सांगणारं माहितीपत्रक (रीडमी) नाही. फॉस्फरसच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी ०, काही ठिकाणी -९९९९ (हा खरा आकडा नव्हे, 'आकडा नाही' अशी खूण), काही ठिकाणी रिकामं. आता ० म्हणजे फॉस्फरस सापडलाच नाही, की यंत्राला मोजता येईल त्याहून कमी होता? रिकामं म्हणजे बाटली फुटली, की त्या दिवशी नमुनाच घेतला नाही? सरासरी काढणाऱ्याच्या दृष्टीने या सगळ्या वेगळ्या गोष्टी आहेत. तारखेचा रकाना: ०३/०४/२०१७. मुलगी अमेरिकन, म्हणजे ४ मार्च. पण शेतावरचा डेटा-लॉगर (आपोआप नोंदी घेणारं यंत्र) ज्याने लावला तो दुसऱ्या देशातला, त्याने दिवस आधी ठेवलेला, म्हणजे ३ एप्रिल. बर्फ वितळण्याच्या हंगामात महिनाभराचा फरक म्हणजे निष्कर्षच फिरला. वर काही विहिरी खासगी शेतात, आणि त्यांचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत. शेतकऱ्याच्या विहिरीत नायट्रेट किती हे त्याचं दार दाखवून जगाला सांगायचं का?

हे सगळं मी तिला पत्रातून विचारलं. तिला सगळं आठवत होतं, कारण काम ताजं होतं. मग तारखा २०१७-०४-०३ या पद्धतीने लिहिल्या, रिकाम्या जागांचे अर्थ वेगळे केले, एककं लिहिली, विहिरींची ठिकाणं ढोबळ केली, स्क्रिप्टमधला तिच्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपचा पत्ता काढला. मग डीओआय (डेटा कायम शोधता येईल असा ओळख-क्रमांक) दिला. पाण्याच्या रसायनशास्त्रातलं मला फारसं कळत नाही हे कबूल. पण तिसऱ्या माणसाला ही फाइल वाचताना कुठे अडेल ते कळतं, आणि ते विचारणं हे माझं काम.

इथे अनेकांना अनुभव असणार. लिहा.

कवडसा

पहिला प्रतिसाद माझा. पॉपकॉर्नवाल्यांनी जागा धरावी. :)

उदाहरण छान आहे, पण याला ग्रंथालय कशाला? आमच्या खगोलशास्त्रात हा प्रश्न केव्हाच सुटलाय. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर घेतलेली निरीक्षणं ती चालवणाऱ्या एनसीआरएच्या संग्रहात जातात, ठरावीक काळ ती ज्याने वेळ मागितला त्याची, नंतर सगळ्यांना खुली. प्रथिनांच्या रचनांसाठी प्रोटीन डेटा बँक १९७१ पासून आहे, जनुकक्रमांसाठी जेनबँक १९८२ पासून. हे त्या त्या विषयातल्या लोकांनी उभं केलं. मध्ये ग्रंथपाल आणून एक टेबल वाढवायचं आणि एक फॉर्म वाढवायचा, एवढंच होईल.

रानजाई

@कवडसा, तुमच्या क्षेत्रापुरतं शंभर टक्के मान्य. जिथे विषयाचा स्वतःचा संग्रह आहे तिथे आम्हीच संशोधकाला सांगतो, आमच्याकडे ठेवू नका, तिकडे द्या. जनुकक्रम घेऊन कुणी आलं तर पहिलं वाक्य तेच.

पण दुर्बीण एक आणि तिचे वापरकर्ते हजार, अशी सोय किती विषयांत आहे? तळ्याचं पाणी, एका तालुक्यातल्या शाळांची पाहणी, कोळ्यांच्या जाळ्यांचे फोटो, पुलाच्या काँक्रीटची चाचणी... ही छोटी छोटी कामं कुठल्याच मोठ्या संग्रहात बसत नाहीत. ती प्राध्यापकाच्या कपाटात बसतात आणि प्राध्यापक निवृत्त झाला की कपाट रिकामं होतं. २०१४ मध्ये 'करंट बायॉलॉजी'त एक अभ्यास आला होता. २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ शोधनिबंधांच्या लेखकांकडे डेटा मागून पाहिला. निबंध जितका जुना तितकी डेटा हाती लागण्याची शक्यता कमी, आणि ही घसरण दर वर्षाला १७ टक्के. जुने ईमेल पत्ते बंद, उरलेला डेटा कुठल्याशा झिप ड्राइव्हवर.

ग्रंथालयच का, याचं उत्तर मला तरी साधं वाटतं. प्रकल्प तीन वर्षांचा, विद्यार्थी पाच वर्षांचा, विभागप्रमुख बदलणारा. कॅम्पसवर पन्नास वर्षांनीही असेल आणि 'जुनं सांभाळणं' हेच ज्याचं नेमून दिलेलं काम आहे, असं दुसरं खातं दाखवा.

बिटबहाद्दर

आयटीवाला म्हणून माझे दोन पैसे. क्लाउडवर थंड साठवण (क्वचित लागणाऱ्या फाइलींसाठीची स्वस्त जागा) मिळते, दर महिन्याला अक्षरशः चिल्लर खर्च. तीन ठिकाणी प्रती, ऑटो-बॅकअप, विषय संपला. पाण्याच्या मुलीने रीडमी लिहिली नाही ही तिची चूक, त्यासाठी आख्खा विभाग?

रानजाई

@बिटबहाद्दर, डिसेंबर २०२१, क्योटो विद्यापीठ. सुपरकॉम्प्युटरच्या साठवणीचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट सुधारताना जुन्या लॉग फाइली पुसण्याऐवजी खऱ्या फाइली पुसल्या गेल्या. सुमारे ७७ टीबी, ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गट. त्यातल्या ४ गटांचं काम परत आणताच आलं नाही. बॅकअप व्यवस्थेनेच घात केला.

प्रती ठेवणं लागतंच, आम्हीही ठेवतो. चेकसम (फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून ठराविक काळाने ताडून बघतो, एक बिट इकडचा तिकडे झाला का. पण प्रत्येक बिट जागेवर असूनही फाइल निरुपयोगी असू शकते. -९९९९ तीन ठिकाणी जपून ठेवला तरी तो -९९९९च.

मुळाक्षर

एक्सेलचा विषय निघणारच होता, मीच काढतो. जनुकांची नावं 'सेप्ट२', 'मार्च१' अशी होती आणि एक्सेल त्यांची परस्पर तारीख करायचं. २०१६ च्या एका पाहणीत दिसलं की जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या दर पाच निबंधांपैकी सुमारे एकात ही घाण होती. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली! सॉफ्टवेअर हललं नाही, मनुष्यजातीच्या जनुकांनी नमतं घेतलं.

बिटबहाद्दर

@मुळाक्षर, 😂 हे माहीत नव्हतं. बरं, बिटांचा मुद्दा मागे घेतो. खर्चाचा मुद्दा उरतोच. पगार कोण देतं?

रानजाई

खर्चाचं सांगते, त्यासाठी थोडा इतिहास.

१८ जानेवारी २०११ पासून अमेरिकेच्या एनएसएफने (विज्ञान-संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेने) अट घातली: अनुदानाच्या अर्जासोबत जास्तीत जास्त दोन पानांचा डेटा व्यवस्थापनाचा आराखडा. आराखडा कसा लिहायचा हे प्राध्यापकांना ठाऊक नव्हतं, आणि अर्जाची मुदत तर उद्यावर आलेली. मंडळी ग्रंथालयाकडे धावली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी आणि इतरांनी मिळून 'डीएमपीटूल' आणलं, ज्यात अनुदान देणाऱ्या संस्थेनुसार प्रश्न येतात आणि आपण उत्तरं भरत जायची. ब्रिटनमध्ये एडिंबरोचं डिजिटल क्युरेशन सेंटर २००४ पासूनच या कामात होतं, त्यांचं 'डीएमपीऑनलाइन' आहे. पर्ड्यू विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 'पर' ही रिपॉझिटरी उभारली. तिथला एक नियम मला फार आवडतो: प्रकाशित डेटा १० वर्षं ठेवण्याची हमी, त्यानंतर ग्रंथपाल आणि विषयाचे जाणकार ठरवणार की तो ग्रंथालयाच्या कायम संग्रहात राहील की नाही. सगळंच अनंतकाळ ठेवू असं म्हणणारा खोटं बोलतोय. निवड करावीच लागते, आणि निवड हे ग्रंथपालाचं जुनंच काम आहे.

२५ जानेवारी २०२३ पासून एनआयएचनेही (वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या अमेरिकी संस्थेने) आराखडा सक्तीचा केला, आणि तिथे डेटा सांभाळण्याचा खर्च अनुदानाच्या अंदाजपत्रकात दाखवता येतो. त्यामुळे थोडा पैसा येतो. बाकी विद्यापीठाच्या खिशातून.

पण एकट्या विद्यापीठाला परवडत नाही हे खरंच आहे. आज जनुकशास्त्र, उद्या नकाशे, परवा अरबी मुलाखती, प्रत्येकाला वेगळा तज्ज्ञ कुठून आणणार? यातूनच डेटा क्युरेशन नेटवर्क निघालं. मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पुढाकाराने २०१६ मध्ये जुळवाजुळव सुरू झाली. कॉर्नेल, मिशिगन, इलिनॉय, पेन स्टेट वगैरे होतेच, पुढे ड्यूक, जॉन्स हॉपकिन्स आणि ड्रायड रिपॉझिटरी आले. सुरुवातीला स्लोन फाउंडेशनचं अनुदान, आता सदस्यांची वर्गणी. माझ्याकडे नकाशांचा डेटा आला आणि मला त्यातलं कळत नसेल तर मी तो नेटवर्कमध्ये पाठवते, दुसऱ्या विद्यापीठातला जाणकार तपासून देतो. आमच्या एखादीने त्यांच्या आकडेवारीचं काम उचललेलं असतं. आपल्याकडच्या सावडीसारखं: तुझी बैलजोडी माझ्या शेतात, माझी तुझ्या.

त्यांची सात टप्प्यांची एक पद्धत आहे, फाइली तपासण्यापासून ते केलेल्या बदलांची नोंद ठेवण्यापर्यंत. सगळे सांगत बसत नाही. खरा वेळ जातो तो तिसऱ्यात, संशोधकाला प्रश्न विचारण्यात. उत्तर येत नाही, आलं तर "इट्स इन द पेपर" असं येतं, आणि पेपरमध्ये ते नसतं.

वऱ्हाडी_ग्रंथपाल

राजेहो, वाचून बरं वाटलं आणि थोडं रडूही आलं. मी विदर्भातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझ्याकडे सहायक नाही, जागा रिकामी आहे ती केव्हा भरतील ते देव जाणे. नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या) फाइली, साहित्यचोरी तपासणीचे अहवाल, ई-जर्नल्सचे पासवर्ड हरवलेली पोरं, सगळं माझ्याच टेबलावर. आता त्यात डेटा क्युरेशन?

आपल्याकडे पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, शोधगंगा, आहे. २००९ च्या यूजीसी नियमांनंतर प्रबंध तो चालवणाऱ्या इन्फ्लिबनेटकडे जायला लागले, ही मोठीच गोष्ट झाली. पण जातो काय? पीडीएफ. परिशिष्टात साडेतीनशे शेतकऱ्यांच्या मुलाखतींचे तक्ते, तेही छापून, मग स्कॅन करून, तिरपे. संगणकात होते ते आकडे कागदावर उतरवून पुन्हा चित्र केलं! पुढच्या पोराला तेच तालुके, तोच विषय, पुन्हा पहिल्यापासून प्रश्नावली. कृषी विद्यापीठांच्या कृषिकोशातही प्रबंध भरपूर, पण ज्या प्लॉटवरून आकडे आले ती फाइल कुठाय विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

सातबारा

+१ वऱ्हाडी_ग्रंथपाल. एका संस्थेत तुरीच्या वाणांच्या चाचण्यांचे जुने आकडे मागायला गेलो होतो. रजिस्टर होतं, वाळवी लागलेली होती, आणि ज्या साहेबांना त्यातल्या खुणा कळत होत्या ते निवृत्त होऊन नाशिकला. फोन लावला तर साहेबांनी पाठ म्हणून दाखवल्या! पण ते होते म्हणून.

आजोबांची_पेटी

मी निवृत्त माणूस, संगणकातलं बेताचंच कळतं. पण हे काम नवीन आहे असं जे सगळे धरून चाललेत ते पटलं नाही.

पुण्यात डेक्कन कॉलेजात संस्कृत महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून साधारण १ कोटी चिठ्ठ्या केल्या आहेत. तिथली लोखंडी कपाटं ज्यांनी पाहिली असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. चिठ्ठीवर नुसता शब्द नाही. कुठल्या ग्रंथात, कुठल्या जागी, कुठल्या अर्थाने तेही. पहिला भाग १९७६ साली छापून आला आणि काम अजून चालू आहे. ज्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या त्यातले बहुतेक आज हयात नाहीत, तरी आजच्या संपादकाला त्यांची चिठ्ठी वाचून पुढे जाता येतं. त्याचं कारण लिहिणाऱ्याला शिस्त लावलेली होती. तुमचं ते माहितीपत्रक म्हणजे दुसरं काय?

रानजाई

@आजोबांची_पेटी, यावर मला काही जोडायचंच नाही. आमच्या प्रशिक्षणवर्गात हे उदाहरण वापरू का?

आजोबांची_पेटी

अवश्य.

पाचट

मी पुण्यात समाजशास्त्रात पीएचडी करतेय. ऊसतोड कामगार बायकांच्या मुलाखती आहेत, मराठवाड्यातल्या. दोन अडचणी.

एक, गाइड म्हणतात काम झालं की रेकॉर्डिंग नष्ट कर, नैतिकता समितीला तेच लिहून दिलंय. मला ते जिवावर येतं. या बायका पुन्हा कुणाला इतकं सांगतील असं नाही. पण खुलं करावं तर त्यांना मुकादम शोधून काढेल.

दोन, विभागात आधीच्या एका संशोधिकेच्या वीस वर्षांपूर्वीच्या मुलाखती टाइप केलेल्या मिळाल्या. उघडल्या तर "®ÖÖ" छाप कचरा दिसतो.

मुळाक्षर

दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे आहे. तो कचरा नाही, जुन्या फाँटातली मराठी आहे. श्रीलिपी, कृतीदेव, आकृती, आयएसएम यांचे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं दाखवायचे. मजकुराखाली खरं देवनागरी नाहीच. कुठला फाँट होता ते आधी शोधा: वर्डमध्ये मजकूर निवडला की फाँटच्या चौकटीत नाव दिसतं, मशीनवर तो फाँट नसला तरी. नाव मिळालं की त्याचा युनिकोड परिवर्तक मिळतो. परिवर्तनानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, गडबड तिथेच होते. आणि मूळ फाइल फेकू नका!

जाता जाता: मराठी सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका, पुन्हा कचरा दिसेल. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि ६५००१ हे युनिकोड निवडा.

रानजाई

@मुळाक्षर यांनी आत्ता केलं त्यालाच क्युरेशन म्हणतात. वीस वर्षांत हे एका फाइलचं झालं, साठवण उत्तम असूनही.

@पाचट, पहिला प्रश्न अवघड आहे. 'नष्ट करा' आणि 'सगळ्यांना खुलं' यांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. ब्रिटनमध्ये एसेक्स विद्यापीठात सामाजिक शास्त्रांचा डेटा संग्रह १९६७ पासून आहे. तिथे काही साहित्य नोंदणी आणि करार केल्यावरच मिळतं, आणि फार नाजूक असेल तर सुरक्षित यंत्रणेत बसूनच वाचायचं, प्रत बाहेर नेता येत नाही. अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात खास मुलाखतींसारख्या गुणात्मक साहित्याची रिपॉझिटरी आहे. भारतात आयसीएसएसआर डेटा सर्व्हिस आहे, इन्फ्लिबनेटच्या साहाय्याने चालणारी. तिथे चौकशी करा.

नाव काढलं की ओळख पुसली असं मात्र समजू नका. गाव, जात, वय, आणि "आमच्या टोळीत ट्रॅक्टर चालवणारी मी एकटीच" असं एक वाक्य, एवढ्यावर मुकादम नाव सांगेल. गावाऐवजी तालुका किंवा जिल्हा, वयाऐवजी वयोगट, आणि अशी वाक्यं शोधून त्यांचं काय करायचं ते एकेक करून ठरवणं. आवाज तर मुळीच लपत नाही, म्हणून रेकॉर्डिंग बंद आणि संपादित लिखित प्रत मर्यादित खुली, असा मार्ग पुष्कळ जण घेतात.

पण हे सगळं संमतीवर अवलंबून. 'नष्ट करू' असं सांगून घेतलेल्या मुलाखती तुम्ही परस्पर ठेवू शकत नाही, कितीही जिवावर आलं तरी. पुन्हा जाऊन विचारणं शक्य आहे का?

पाचट

काहींकडे शक्य आहे. दिवाळीनंतर त्या कारखान्यांवर जातात, त्याआधी गाठावं लागेल. पुढच्या मुलाखतींसाठी संमतीपत्रात नेमकं काय लिहू?

रानजाई

साधारण असं, आणि वाचून दाखवायचं: "तुमचं बोलणं लिहून, तुमचं आणि गावाचं नाव काढून, एका संस्थेत जपून ठेवायचं आहे. पुढे दुसऱ्या अभ्यासकांना परवानगी घेऊन ते वाचता येईल. चालेल का? नको असेल तरी मुलाखतीला अडचण नाही." ठेवण्याची संमती आणि मुलाखतीची संमती वेगवेगळी घ्या, दोन वेगळ्या खुणा. समितीकडून आधी मंजूर करून घ्या. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे, त्याबद्दल विद्यापीठाच्या विधी विभागाला विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.

कवडसा

चर्चा चांगली झाली, थोडा मऊ पडलोय. तरी एक शंका. रानजाईताई, तुमच्या ग्रंथालयावरही सरकारचाच पैसा. सरकारने हात आखडला की?

रानजाई

आखडलाय. अनुदानं रद्द झाली, काही ओळखीच्यांच्या नोकऱ्या गेल्या. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण २०२५ च्या सुरुवातीला सरकारी संकेतस्थळांवरची पानं आणि डेटा गायब व्हायला लागला तेव्हा कोण धावलं ते बघा. हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या इनोव्हेशन लॅबने डेटा डॉट गव्ह या अमेरिकी सरकारच्या डेटा-संकेतस्थळावरचे ३ लाख ११ हजार डेटासेट उतरवून घेतले, सुमारे १६ टीबी, आणि प्रत ती मूळचीच आहे हे पडताळता येईल अशा डिजिटल सह्यांसकट. डेटा रेस्क्यू प्रोजेक्टमध्ये डेटा ग्रंथपालांच्या संघटना आणि आमच्या नेटवर्कमधली माणसं होती, बरीचशी फावल्या वेळात. कुणी सांगितलं नव्हतं.

वऱ्हाडी_ग्रंथपाल

ते हार्वर्ड. मी एकटा माणूस, मंगळवारी लोड शेडिंग. मला उद्या सकाळी काय करता येईल ते सांगा.

रानजाई

तीनच गोष्टी. प्रबंध जमा करायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, "तक्त्यांची मूळ फाइल कुठे आहे?" नुसतं विचारा. दुसरं, एका पानाचं माहितीपत्रक भरून घ्या: कुणी, कुठे, केव्हा, कशाने मोजलं, प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक, रिकाम्या जागेचा अर्थ. तिसरं, खुलं करण्यासारखं असेल तर विद्यार्थ्याकडूनच झेनोडो या रिपॉझिटरीवर चढवून घ्या. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचं आहे, फुकट आहे, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत चालतं, डीओआय मिळतो. त्या डीओआयचा क्रमांक प्रबंधात छापायचा. रिपॉझिटरी तुम्ही उभारायची गरज नाही.

सातबारा

हे झालं तर उत्तमच, पण प्राध्यापक करणार नाहीत. बढतीच्या गुणांच्या तक्त्यात पेपरला रकाना आहे, पुस्तकाला आहे, पेटंटला आहे. डेटासेटला कुठाय? ज्याचे गुण नाहीत ते काम आपल्याकडे रविवारी पण होत नाही.

कवडसा

@सातबारा, सहमत. अमेरिकेतही बढती समित्या पेपरच मोजतात, भाबडेपणा नको.

वऱ्हाडी_ग्रंथपाल

प्राध्यापकांचं राहू द्या, पोरांना विचारतो. ताई, ते माहितीपत्रक मराठीत आहे का तयार?

रानजाई

नाही. इंग्रजीतलं आमचं आहे, त्यावरून करते. @सातबारा, शेतीच्या चाचण्यांसाठी कुठले रकाने लागतील ते तुम्ही लिहाल का? वाण, प्लॉट, पेरणीची तारीख एवढं मला सुचतंय, पुढचं तुम्ही.

सातबारा

मातीचा प्रकार, आधीचं पीक, पाण्याच्या पाळ्या, खताची मात्रा आणि केव्हा दिली, प्लॉटचा आकार चौरस मीटरमध्ये (गुंठ्यात लिहिलं की घोळ होतो). शनिवारी सविस्तर टाकतो.